किसनतात्यांच्या गाडीचे व्हीलकप

व्हीलकप नीट बसला की नाही, हे किसनतात्या डोळ्यांनी कधी बघायचे नाहीत. चाकापुढं उकिडवं बसायचं, मान एका बाजूला कलती करायची, तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग कपावर एकदाच हाणायचा आणि 'टक' असा आवाज आला, की जवळ जो कोणी उभा असेल त्याला विचारायचं, "बसला?"

त्यानं "बसला" म्हणायचं. नुसती मान हलवून भागायचं नाही, तोंडानं म्हणावं लागायचं. जवळ कोणी नसलं, तर आमच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसलेल्या आईला हाक यायची, "वैनी, बसला का?" आणि आई सुपातून मान वर न काढता म्हणायची, "बसला, भावजी." तिच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की झोपेत विचारलं असतं तरी ती तेच म्हणाली असती.

परवा बारामतीत भिगवण चौकात माझ्या रिक्षाशेजारी एक नवरदेवाची गाडी येऊन थांबली. नवी कोरी, फुलांनी मढवलेली, आणि चारी चाकांवरची प्लास्टिकची झाकणं पडू नयेत म्हणून नायलॉनच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेली. मला एवढं हसू आलं, की रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. तात्या असते तर त्यांनी खाली उतरून त्या ड्रायव्हरची भर चौकात खरडपट्टी काढली असती आणि तिकडं मुहूर्त टळला असता. घरी येईपर्यंत मग डोक्यात तात्याच. म्हटलं, लिहून टाकावं. त्यांचे उपकार फिटण्यातले नाहीत, निदान चार माणसांना कळावेत.

आमचं गाव निमगाव केतकी आणि तात्या आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांच्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं मेंढरं विकून जमीन केली, आणि तात्यांनी ती जमीन भावाच्या हवाली करून एक पांढरी अँबॅसिडर दारात आणून उभी केली. अगदी पहिल्या घाटाची, गोल पाठीची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बारामतीला कॉलेजात जायला लागले, तेव्हाच ती गाडी म्हातारी म्हणून ओळखली जायची. ती त्यांच्याकडं कशी आली याच्या तात्या तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगायचे. एकीत एक पारशी साहेब होता, दुसरीत लिलाव आणि तिसरीत पैज. एकदा मी म्हटलं, "तात्या, ह्यातली खरी कुठली?"

"गाडी दारात उभी हाय न्हवं? ती खरी. बाकीचं तुला काय करायचंय?"

माणूस गरीब स्वभावाचा वगैरे अजिबात नव्हता. भारी तोऱ्यातला. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि डोक्यावर कडक टोपी. त्यांचं बोडकं डोकं मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. ते झोपतानाही टोपी घालतात अशी आम्हा पोरींची खात्री होती. गाडीच्या सीटांवर त्यांनी घोंगडी अंथरली होती. उन्हाळ्यात ती अशी टोचायची, की इंदापूर येईस्तोवर माणूस सारखं बूड हलवत राहायचं. कोणी कुरकूर केली, की तात्या पुढं बघतच विचारायचे, "मेंढराला टोचती का? मग तुलाच कशी टोचती?" हॉर्न मात्र ते जवळपास वाजवायचेच नाहीत. समोरच्यानं आपणहून गाडी ओळखून बाजूला व्हावं, अशी त्यांची अपेक्षा असायची, आणि गंमत म्हणजे लोक व्हायचेही.

पण सगळा जीव त्या चार कपांत. तव्याएवढे, फुगीर, चकचकीत. तोंड बघून घ्यावं असे. ते काढायला तात्यांनी पारूकाकीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, भाकरीचं उलथणं उचललं होतं. त्याच्या टोकाला धोतराची चिंधी गुंडाळलेली, म्हणजे ओरखडा पडायला नको. उलथणं कडेखाली सरकवायचं, मनगट जरासं फिरवायचं, की भाकरी सुटावी तसा कप सुटून दुसऱ्या हातात यायचा. बसवताना उलटं. चाकाला आतून लोखंडाची तीन बोंडं असायची. त्यातल्या दोन बोंडांवर कपाची कड अडकवून घ्यायची आणि तिसऱ्यावर दणका. घाई करून मधोमध मारलं तर कप चेपतो, बसत नाही. हे तात्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, त्याला ऐकायचं असो वा नसो. पारूकाकी आमच्याकडं येऊन कुरकुरायची, "ह्येंच्या गाडीनं माझं उलथणं खाल्लं बाई. आता मी काय हातानं भाकरी उलटू?" नवं उलथणं आणलं तर तेही गाडीत जाईल म्हणून ती बरेच दिवस आमचंच मागून न्यायची.

आता हे कप काढायचे कशाला, असं कुणीही विचारील. तर तात्यांचा एक कायदा होता. लग्नाला जाताना चारी कप लखलखीत हवेत. आणि मातीला किंवा दुखवट्याला जायचं असलं, की चारी कप काढून, धोतरात बांधून डिकीत. "माणूस मातीला गेल्यावर डोक्यावरची टोपी काढतो न्हवं? मग गाडीनं काय नटूनथटून जायचं?" आमच्याकडं ज्याच्या घरचं माणूस जातं, तो दहावा-तेरावा होईपर्यंत बोडक्यानं राहतो. मग सोयऱ्यांपैकी कुणीतरी आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतं, तेव्हा त्याचा दुखवटा निघतो. तात्यांनी हीच रीत गाडीला लावली. एकदा माझ्या चुलत्यांना घाईनं एका मातीला पोचायचं होतं आणि तात्या शांतपणे शेवटचा कप काढत बसलेले. चुलते तडकले. तात्या म्हणाले, "गेल्याला आता कसली घाई हाय? घाई तुमालाच." आणि उलथणं पुसून खिशात ठेवलं.

हळूहळू झालं काय, की साऱ्या भागाला त्या गाडीची चाकं वाचता यायला लागली. गाडी दिसली, की बायका आधी चाकांकडं बघायच्या. चाकं बोडकी असली, तर पदर डोक्यावर घेऊन विचारायच्या, "कोण गेलं?" निमगावापासून पार नरसिंहपुरापर्यंत हे ठाऊक झालं होतं.

दवाखान्याचं काय करायचं, हा प्रश्न एकदा आला. वरच्या आळीतल्या नानांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना बारामतीला न्यायचं ठरलं. चौघांनी बाजेसकट उचलून आणलं. गाडीपाशी आल्यावर म्हाताऱ्यानं हात वर करून बाज थांबवली.

"किसना, कप हायेत का?"

"हायेत की. दवाखान्याला काढत नसतो मी."

"मला दाव."

चौघं घामाघूम झालेले, नानांची सून रडतीय, आणि ती बाज गाडीभोवती फिरवली गेली. नानांनी चारी चाकं निरखली, मग म्हणाले, "चला." पुढं म्हातारा चांगला बरीच वर्षं जगला आणि दारोदार तंबाखू मागून त्यानं सगळ्या आळीला बेजार केलं. तात्या म्हणायचे, "डाक्टरनं काय केलं ते डाक्टरला म्हाईत. मी कप काढलं असतं तर म्हातारं गाडीतच गेलं असतं." बढाई मारायची एकही संधी त्यांनी सोडली नाही, पण ह्या बाबतीत मला ते आजही खरं वाटतं.

आता अक्काची गोष्ट. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन.

लग्नात करवल्या नवरदेवाचे जोडे लपवतात. तात्यांची गाडी असली, की जोड्यांकडं कुणी ढुंकूनही बघायचं नाही, व्हीलकपच पळवायचा. कारण तात्या एका बोडक्या चाकावर नवरी न्यायला तयार नसायचे आणि वरपक्षाला नाक मुठीत धरून करवल्यांपुढं यावं लागायचं. अक्काच्या लग्नात आम्ही करवल्यांनी पुढचा डावा कप काढला आणि लपवला कुठं, तर आचाऱ्याच्या भांड्यांत. आचारी बिचारा बाहेरगावचा. त्याला काय माहीत? त्यानं त्या कपात लसणाच्या फोडणीची मिरची काढून ठेवली. वर कुणीतरी त्याच्यावर पातेलं टेकवलं आणि कपाच्या कडेला एक पोचा आला. पाठवणीच्या वेळी कप मिळाला तेव्हा तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस, ऊन चढलं की गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाला लसणाचा वास यायचा.

सगळे हसत होते. तात्या हसत नव्हते. त्यांनी कप धुतला, पुसला, दोन बोंडांवर अडकवला आणि शालूतल्या अक्काला हाक मारली. "सुमे, हिकडं ये. तुझ्या भैनींनी काढला, आता तूच बसव."

अक्का रडता रडता हसली आणि खाली बसून तिनं दणका दिला. पोच्यामुळं कप अडला. दुसऱ्या दणक्याला 'टक' झालं, आणि त्याच दणक्याला तिच्या हातातली हिरव्या चुड्यातली बांगडी वाढली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तात्यांनी "बसला?" विचारलं, तर कुणी बोलेना. शेवटी तेच म्हणाले, "बसला. चला, उशीर होतोय," आणि गाडी सुरू केली.

नरसिंहपूरच्या अलीकडं एका वाडीत अक्काला दिलं होतं. बागायत, ऊस, दोन बैलजोड्या, खाऊन-पिऊन सुखी घर म्हणून दिलेलं. वर्ष-दीड वर्षात तिचं माहेरी येणं कमी कमी होत गेलं. आणायला गेलं, की सासू म्हणायची, आत्ता कामाचे दिवस आहेत. सणाला आली, तर हातभर बाह्यांचा ब्लाऊज घालून यायची, उकाड्यातसुद्धा. आईनं एकदा बाही वर करून बघितली आणि देवघरापुढं जाऊन बसली. नवऱ्याचा हात उठायचा. सासू दार लावून घ्यायची, म्हणजे शेजारी आवाज जायला नको.

गावात कुणकुण लागलीच. आमच्या आळीला गोदूआत्या म्हणून एक भाजी विकणारी म्हातारी होती. मनात येईल ते बोलून मोकळं व्हायचं, हा तिचा स्वभाव. ती एक दिवस तात्यांच्या दारात उभी राहून म्हणाली, "किसना, तुझ्या त्या कपापायी पोरीची बांगडी वाढली. संसार तितंच फुटला बघ." एरवी एकाला दोन सुनावणारा माणूस, पण त्या दिवशी नुसता आत निघून गेला. पारूकाकीनं आईला सांगितलं, की रात्री ताट पुढं ओढलं आणि तसंच मागं सारलं.

मग एसटीचा एक ओळखीचा कंडक्टर आमच्याकडं आला. नरसिंहपूरच्या स्टँडवर त्यानं अक्काला पाहिलं होतं. एक डोळा सुजून मिटलेला, जवळ पिशवी. गाडी सुटायच्या आत सासरची माणसं आली आणि तिला परत घेऊन गेली. हे ऐकून आई उठून उभी राहिली, पण अण्णा, माझे वडील, जागेवरून हलेनात. वाईट माणूस नव्हते ते. भित्रे होते. "नांदती लेक आणली तर लोक काय म्हणतील? उद्या धाकटीला कोण करून घेईल?" असं भिंतीकडं बघून बोलत राहिले.

आमच्या भिंतीपलीकडं सगळं ऐकू जायचं. थोड्या वेळानं बाहेर उलथण्याचा आवाज आला. दारात जाऊन बघते तर भर सकाळी, सगळ्या आळीदेखत, तात्या गाडीचे कप काढत होते. एक, दोन, तीन, चार. आईनं तोंडाला पदर लावला. "भावजी, असं काय करताय? मयतीला निघालाय का?"

"वैनी, जाताना कसं जायचं त्ये मी ठरवणार." मग अण्णांना म्हणाले, "मी निघालोय. तुमी येताय का?"

अण्णा खाली बघत राहिले. "धाकटीचं लग्न..."

"धाकलीचं धाकली बघंल," तात्या म्हणाले. मी तोवर मागच्या घोंगडीवर जाऊन बसले होते.

वाडीत शिरताना मात्र, हॉर्नला हात न लावणाऱ्या त्या माणसानं हॉर्न दाबून धरला आणि गाडी अगदी हळू, पायी चालल्यासारखी नेली. लोकांनी बघितलं: किसनतात्यांची गाडी, चारी चाकं बोडकी. घराघरातून बायका बाहेर आल्या. "कोण गेलं गं?" "कुणाच्यात?" गाडी अक्काच्या दारात थांबली तेव्हा मागं निम्मी वाडी जमली होती, डोक्यावर पदर घेतलेली. काही जणी तर आधीच डोळे पुसत होत्या.

सासू दारात आली. चाकांकडं बघून तिचा चेहरा उतरला. "बोडकी गाडी आमच्या दारात कशापायी आणली? आमच्यात कोण गेलंय?"

तात्या गाडीतून उतरले. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून कोण न्हाय गेलं, इहीणबाई. जायच्या आत आलोय."

आणि तेवढ्यात अक्का आतून उंबऱ्यापाशी आली. तो डोळा, तो ओठ, सगळ्यांनी बघितला. इतके दिवस बंद दाराआड जे होत होतं, ते आता भर उन्हात उभं होतं. शेजारची एक म्हातारी पुटपुटली, "अगं बया, काय ह्यो हाल." दाजी मधे येऊन उभे राहिले. तात्या त्यांच्याशी फार मानानं बोलले. "जावयबापू, वाईच बाजूला व्हा. लेकीला चपला घालू द्या."

जमलेली माणसं तिथंच उभी होती. दाजी बाजूला झाले. अक्कानं चपला घातल्या, पिशवीसुद्धा घेतली नाही आणि गाडीत येऊन माझ्याजवळ बसली. मी तिचा हात धरला. त्या हातात एकही बांगडी उरली नव्हती.

परतीच्या वाटेवर, आमच्या गावाच्या ओढ्याअलीकडं, तात्यांनी गाडी थांबवली. डिकीतून गाठोडं काढलं, धोतर रस्त्याच्या कडेला पसरलं. एक कप बसवला. "बसला?" मी म्हटलं, "बसला." दुसरा, तिसरा. चौथा, तो पोचा आलेला, त्यांनी अक्कापुढं धरला.

"सुमे, उतर. घे तुझा कप."

अक्का पहिल्यांदाच बोलली. "नको तात्या. मागं मी बसवला अन् त्ये समदं..."

"त्येच म्हणतोय मी. गोदूबी तसंच म्हणती, गावबी तसंच म्हणतं. चाकाच्या कपानं कुणाचा संसार फुटत नसतो, पोरी. ज्यानं हात उचलला त्येनं फोडला. ये, बस हितं."

ती उतरली. कप दोन बोंडांवर अडकवून तिनं एक दणका दिला. अडला. दुसरा दिला. मग तिला काय झालं कुणास ठाऊक, ती हाणतच सुटली. दात आवळून, रडत, काय काय बोलत, त्या कपावर दणक्यावर दणके. मी पुढं व्हायला लागले, तर तात्यांनी मला हातानं थोपवलं. ज्या माणसाला कपावर बोटाचा ठसा खपायचा नाही, तो हा मार बघत शांत उभा होता. केव्हातरी 'टक' झालं. अक्का थांबली. धापा टाकत तिनं वर बघितलं आणि तिनंच विचारलं, "बसला?"

"बसला," तात्या म्हणाले. "पण लई मारलंस त्याला."

आणि अक्का हसली. सुजलेल्या ओठानं, वेडंवाकडं, पण हसली.

त्या दिवशी गावचा बाजार होता. मागच्या रस्त्यानं गुपचूप घरी जाता आलं असतं. तात्यांनी गाडी भर बाजारातून घातली. चारी कप उन्हात नुसते झगमगत होते. सकाळी बोडकी गेलेली गाडी लोकांनी बघितली होती. आता ही अशी परत आलेली बघून माणसं वाटा सोडून उभी राहिली. गोदूआत्याच्या पालापाशी तात्यांनी गाडी थांबवली.

"आत्ते, मेथी दे. लेक माहेरी आलीय."

गोदूआत्यानं आधी चाकांकडं बघितलं, मग आत अक्काकडं. बराच वेळ बघितलं. मग चांगली टपोरी जुडी निवडून, हात खिडकीतून आत घालून तिनं ती अक्काच्या ओटीत ठेवली. "शिळी न्हाय गं, आत्ताच उपटून आणलीया," एवढंच म्हणाली.

दारात आल्यावर तात्या उतरेनात, आम्हालाही उतरू देईनात. हॉर्न दाबून बसले. अण्णा बाहेर येईस्तोवर बोट काढलंच नाही. शेवटी अण्णा आले, गाडीचं दार उघडलं आणि अक्काला म्हणाले, "ये बाळ." आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तेव्हा कुठं तात्यांनी गाडी बंद केली. मला वाटतं, त्यांना अक्कापेक्षा अण्णांनाच घरी आणायचं होतं, आणि त्यांनी ते केलं. त्या संध्याकाळपासून अण्णांनी परत कधी लोकांचं नाव काढलं नाही.

पुढं काडीमोड झाली. अक्का गावातच अंगणवाडीत लागली. डझनावारी पोरं तिच्या मागंमागं करायला लागली आणि ती दंगेखोर पोरांवर असं काही ओरडायची, की पलीकडून तात्या म्हणायचे, "ही आता माझ्यावर गेली." माझंही काही अडलं नाही. शिकले, मास्तरीण झाले, लग्न झालं. तात्यांच्याच गाडीतून सासरी बारामतीला आले, आणि माझ्या लग्नात करवल्यांनी कप पळवला तो अक्कानंच शोधून आणला. आमच्या घरात नंतर जे काही बरं झालं, त्याची सुरुवात त्या बोडक्या चाकांपासून झाली असं मी मानते. तात्यांना तसं म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावून "मग?" असं विचारलं असतं. नम्रपणा त्यांना जमलाच नाही आणि आम्हालाही त्यांच्याकडून तो नको होता.

मग दिवस पालटले. लग्नांना जीपगाड्या यायला लागल्या, एकीत आख्खं वऱ्हाड मावायचं. मोरीवर घसरून तात्यांचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. गाडी दारात उभीच राहायला लागली. शेवटी पुण्याचे एक जुन्या गाड्यांचे शौकीन गृहस्थ आले, गाडीवर मनापासून भाळले आणि सौदा झाला. न्यायच्या दिवशी मी मुद्दाम गावी गेले होते.

गृहस्थ आले तेव्हा गाडी धुऊन-पुसून तयार होती आणि चारी चाकं बोडकी. मोडक्या मनगटानं पहाटे कधीतरी तात्यांनी कप काढून ठेवले होते. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. टोपी गुडघ्यावर होती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचं डोकं पाहिलं. तुरळक पांढरे केस, आणि टोपीखाली कधी ऊनच न लागलेलं गोरं कपाळ. मला तिकडं बघवेना. गृहस्थांनी चाकांकडं बघून अडखळत विचारलं, "तात्या, ते कप...?"

अक्का अंगणवाडीतून तशीच आली होती, पदराला खडू लागलेला. तिनं एकदा चाकांकडं बघितलं, एकदा तात्यांकडं. मग कुणाला न विचारता ओट्यावरचं गाठोडं उचललं, धोतर पसरलं आणि पहिल्या चाकापुढं बसली. 'टक'.

"बसला?"

तात्या गप्प. पारूकाकी दारातून म्हणाली, "बसला."

दुसऱ्याला आई म्हणाली. तिसऱ्याला ते पुण्याचे गृहस्थ काही न कळताच म्हणून गेले. राहिला पुढचा डावा. अक्कानं तो पोचा हातानं चाचपला, कड बेतानं अडकवली आणि नेमक्या जागी एकच दणका दिला. "बसला?" ह्या वेळी आम्ही कुणीच बोललो नाही. अक्का चाकापुढून उठेना. वाट बघत तशीच बसून राहिली.

"बसला," तात्या म्हणाले.

गृहस्थ गाडीत बसले, तर पारूकाकी लगबगीनं पुढं झाली आणि तिनं चिंधी गुंडाळलेलं ते उलथणं खिडकीतून आत दिलं. "ह्येबी न्या. त्येच्याबगार निगत न्हाईत त्ये." गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आम्ही त्या बाजूला बघत उभ्या होतो. तात्या मात्र जमिनीकडं बघत होते.

अक्का ओट्यापाशी गेली. त्यांच्या गुडघ्यावरची टोपी तिनं उचलली, झटकली, दोन्ही हातांनी सरळ केली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. तळहातानं वरून हलकेच दाबली.

तात्यांनी डोळे मिटले होते. मान एका बाजूला जराशी कलती झाली.

"बसली?" त्यांनी विचारलं.

"बसली, तात्या," अक्का म्हणाली.